तोंडाला पुन्हा पुन्हा वास येतो? पोटाच्या आधी जीभ आणि हिरड्या तपासा

लक्षणं: तुमचा वास यातला कोणता?

वास कधी येतो आणि त्याच्या जोडीला आणखी काय होतं, यावरून निम्मं कारण कळतं. म्हणून आधी हे बघा:

- सकाळी उठल्यावर येतो, दात घासून न्याहारी केली की जातो.
- ब्रश केल्यावर तासाभरात परत येतो आणि दिवसभर राहतो.
- ब्रश करताना रक्त येतं, थुंकी गुलाबी दिसते.
- तोंडाच्या एकाच बाजूला घाण चव येते, तिथेच अन्न अडकतं.
- तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते, बोलताना मध्येच पाणी लागतं.
- खोकताना घशातून पांढरट-पिवळे, घाण वासाचे दाणे पडतात.
- तोंड मिटून नाकाने श्वास सोडला तरी वास येतो.
- फक्त उपवासाच्या दिवशी येतो.
- मोठ्यांना नाही, घरातल्या लहान मुलाला येतो.

पहिलं लक्षण एकटंच असेल तर काळजीचं काही नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते, तोंड धुतलं जात नाही, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास असतो. बाकीच्यांसाठी पुढे वाचा.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. वासाची तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा आधी सहा महिने-वर्षभर पोटावर उपचार करून आलेला असतो. त्रिफळा, एरंडेल, इसबगोल, ॲसिडिटीच्या गोळ्या, सगळं झालेलं असतं. "पोट साफ व्हत नही, म्हनीसन वास येस," असं तो मला सांगतो. तोंड उघडायला लावलं की जिभेच्या मुळाशी पिवळा थर दिसतो, नाहीतर खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटणाची भिंत. दहापैकी आठ-नऊ जणांमध्ये वास तोंडातूनच निघतो. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची एक कडी असते, ती एरवी मिटलेली असते. ढेकर आली तरच पोटातली हवा वर येते. त्यामुळे दिवसभर सतत येणारा वास पोटाचा असण्याची शक्यता फार थोडी. बद्धकोष्ठतेचा त्रास असेल तर त्याचा इलाज जरूर करा, पण त्याने तोंडाचा वास जाईल या आशेवर महिने घालवू नका.

वास खरंच आहे का, आणि कुठून येतो

या तपासणीला पैसा लागत नाही. तोंडासमोर हाताची ओंजळ धरून हुंगण्याचा उपयोग होत नाही, कारण आपल्या नाकाला आपल्या वासाची सवय झालेली असते. त्याऐवजी मनगटाची आतली बाजू जिभेने चाटा, दहा सेकंद वाळू द्या आणि मग हुंगा. यात जिभेच्या टोकाचा वास कळतो. पण खरा वास मागच्या भागात असतो. तो बघायला एक स्वच्छ चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच पुढे ओढा आणि चमच्यावर आलेला चिकट थर हुंगा. लसूण-कांदा खाल्ल्यावर लगेच किंवा दात घासल्या घासल्या ही तपासणी करू नका, दोन्ही वेळा फसगत होते. दुपारी जेवणाआधीची वेळ चांगली.

मग घरातल्या विश्वासाच्या माणसाला मदतीला घ्या. बायको, नवरा, बहीण, मोठी मुलगी, जी व्यक्ती खरं सांगेल ती. आधी नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास सोडा, नंतर तोंड मिटून नाकाने सोडा. तोंडाने सोडल्यावरच वास आला तर जीभ, दात, हिरड्या, नाहीतर घशातले टॉन्सिल. नाकानेच आला तर नाक किंवा सायनस. दोन्हीकडून सारखाच आला तर तो फुप्फुसातून, म्हणजे रक्तातून येत असण्याची शक्यता असते. यासाठी घरातल्या माणसाला विचारण्याचा संकोच सोडा. लग्न जमलेली मुलं-मुली ही गोष्ट मनात दाबून ठेवतात आणि खिशात वेलदोड्यांची पुडी घेऊन फिरतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. एकदा विचारलं की उत्तर मिळतं आणि उत्तर मिळालं की इलाज बहुधा सोपा असतो.

एक बाजू आणखी आहे. काही जणांच्या तोंडाला वास नसतोच. घरचे सांगतात नाही, डॉक्टर सांगतात नाही, तरी त्यांना तो सतत जाणवतो. समोरच्याने नाकाला हात लावला तरी आपल्यामुळेच लावला असं वाटतं. मग माणूस लांब उभा राहून बोलतो, लग्नकार्याला जाणं टाळतो, दिवसातून सहा-सात वेळा ब्रश करून हिरड्या सोलून घेतो. हे नाटक नाही, त्रास खरा आहे. फक्त त्याचा इलाज दातांच्या डॉक्टरकडे नसून मनाच्या डॉक्टरकडे आहे, आणि त्याने फरक पडतो.

पाणी, उपवास आणि ताटातलं जेवण

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. शेतात, वीटभट्टीवर, एसटीत, जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांचं तोंड दिवसभर कोरडं असतं. लाळ तोंड धुते आणि जंतूंना आवर घालते. ती आटली की वास वाढणारच. म्हणून पहिला बदल पाण्याचा: तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पीत राहा, लघवीचा रंग फिकट राहिला पाहिजे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र त्यांचंच ऐका. चहा वारंवार पिऊन पाण्याची गरज भागवू नका, आणि प्रत्येक चहानंतर एक चूळ भरा.

लसणाचं गणित वेगळं आहे. भरीत, ठेचा, शेवभाजी, सगळ्यात लसूण असतो आणि सोबतीला कच्चा कांदा. लसूण पचताना अलाइल मिथाइल सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो रक्तात जातो आणि फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर पडत राहतो, काही वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणूनच भरताच्या पार्टीनंतर कितीही ब्रश केला तरी वास जात नाही. यात तुमच्या तोंडाचा दोष नाही. जेवतानाच दूध किंवा दही घेतलं, कच्चा पुदिना किंवा सफरचंदाची फोड खाल्ली तर तो बराच कमी होतो. नंतर घेण्यापेक्षा जेवणासोबत घेतलेलं जास्त उपयोगी. वास फक्त अशा जेवणानंतर येत असेल तर तुमची तपासणी इथेच संपली, भरीत सोडायची गरज नाही.

श्रावण, नवरात्र, एकादशी, रमजान, या काळात वास वाढतो त्याची कारणं दोन. पाणी आणि चावणं कमी झाल्याने लाळ कमी होते, आणि बराच वेळ पोटात काही नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून निघणाऱ्या पदार्थांचा गोडसर, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास श्वासाला येतो. निरोगी माणसात तो उपवास सुटला की जातो. साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास करणाऱ्यांनी जेवणानंतर चुळा भरायच्याच, कारण शेंगदाण्याचं कूट दातांच्या फटीत घट्ट बसतं. मधुमेह असलेल्यांनी उपवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. त्यांच्यासाठी हा गोडसर वास वेगळ्या अर्थाचा असू शकतो, तो पुढे सांगते.

जीभ: इथेच बहुतेकांचं काम होतं

एवढं सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान हा भाग वाचा.

जिभेचा मागचा भाग खडबडीत असतो. त्याच्या खाचांमध्ये अन्नाचे कण, तोंडातल्या मेलेल्या पेशी आणि नाकातून घशात उतरणारा शेंबूड साचतो. तिथे हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जंतू नेमके तिथेच वाढतात. ते प्रथिनं कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन असे गंधकाचे वायू निघतात. पहिल्याचा वास सडक्या अंड्यासारखा, दुसऱ्याचा कुजक्या कोबीसारखा. माणूस रोज दोनदा दात घासतो, दात स्वच्छ असतात, तरी वास राहतो, कारण जिभेला कधी हात लागलेला नसतो. ज्यांचा लागतो त्यांचाही पुढच्या दोन इंचांपुरता.

टंग क्लीनर स्टीलचा, तांब्याचा किंवा प्लॅस्टिकचा, कुठलाही चालतो. नसेल तर चमचा. जीभ बाहेर काढा, जमेल तितकं मागून सुरू करा आणि हलक्या हाताने पुढे ओढा. प्रत्येक वेळी पाण्याखाली धुवा. चार-पाच वेळा पुरे. रक्त निघेपर्यंत खरवडायचं नाही, जीभ लाल होऊन झोंबली तर जोर जास्त होतो आहे. उलटीसारखं होतं ही सगळ्यांची अडचण. त्यावर उपाय असा की श्वास सोडत सोडत ओढायचं आणि सुरुवातीला मधल्या भागापासूनच करायचं, आठवड्याभरात सवय होते. उपाशीपोटी केलेलं बरं. सकाळी एकदा करायचंच, वास जास्त असेल तर रात्रीही.

जिभेवरचा थर खरवडूनही जाड, पांढरा राहिला आणि पुसल्यावर खाली लाल, झोंबणारी जागा दिसली तर ती बुरशी असू शकते. कवळी वापरणारे, दम्याचा पंप घेणारे आणि साखर वाढलेले लोक यात जास्त असतात. तिथे खरवडणं थांबवा आणि दाखवा. पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पंपानंतर चूळ भरून थुंकावी, एवढ्याने पुष्कळ टळतं.

दातांमधल्या फटी आणि रात्रीचा ब्रश

फ्लॉसचा दोरा दोन मागच्या दाढांमधून काढा आणि हुंगा. त्याला वास आला, रक्त लागलं, तर वासाचं कारण त्या फटीत आहे. ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये पोचतच नाहीत. दोरा कधीच वापरला नसेल तर पहिले काही दिवस रक्त येईल. घाबरून थांबू नका. सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं, आणि ती सूज तिथल्या घाणीमुळे असते, घाण निघाली की सूज उतरते. फटी मोठ्या असतील तर बाटलीच्या ब्रशच्या आकाराचा बारीक इंटरडेंटल ब्रश दोऱ्यापेक्षा चांगला. टाचणी, आगकाडी, सेफ्टी पिन, झाडूची काडी यांनी फट कोरू नका. हिरडी फाटते, जखम पिकते, फट आणखी रुंद होते आणि मग जास्त अन्न अडकतं.

ब्रश दोन वेळा, दोन मिनिटं, मऊ केसांचा. दोन्हीपैकी एकच वेळ जमत असेल तर रात्रीची निवडा. आपल्याकडे सकाळी पूजेआधी, चहाआधी दात घासल्याशिवाय कुणी राहत नाही, पण रात्री घासणारे थोडे. रात्रभर लाळ फार कमी असते, म्हणजे तोंडात राहिलेला घास आठ तास जंतूंच्या स्वाधीन. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट घ्या, प्रौढांसाठी 1000 ते 1500 पीपीएम पुरतं, डब्यावर लिहिलेलं असतं. महाग पेस्टने वास जास्त जातो असं काही नाही. तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की त्याआधी ब्रश बदला.

निंबाची किंवा बाभळीची काडी वापरणाऱ्यांना मी ती सोडायला सांगत नाही. नीट चावून कुंचा केला तर पुढचे दात छान निघतात. पण दाढांच्या आतल्या बाजूला काडी वळत नाही, म्हणून रात्री ब्रश लागतोच. राख, कोळसा, विटेची पूड यांनी मात्र दाताचं वरचं आवरण झिजतं, ते बंद करा.

मशेरी, तंबाखू, गुटखा

हा भाग टाळून पुढे जाता येत नाही. आमच्या भागात बऱ्याच बाया सकाळी मशेरी लावतात आणि तिलाच दात घासणं समजतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने दात साफ होत नाहीत, हिरड्या खाली सरकतात, तोंड कोरडं पडतं आणि वास कायमचा बसतो. "दाढ ठणकते म्हणून लावली, मग सुटली नाही," असं मावशी सांगतात तेव्हा ते खरं असतं, कारण निकोटिनने थोडा वेळ बरं वाटतं आणि मग त्याचीच सवय लागते. त्या दाढेचा इलाज आधी करा, मग मशेरी सोडणं सोपं जातं.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: धुरामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे हिरडीचा आजार असूनही रक्त येत नाही. रक्त नाही म्हणजे हिरड्या ठीक, असं तुमच्या बाबतीत धरू नका.

गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी खाणारे रोज भेटतात. गुटखा-सुपारीने गालाची आतली कातडी आखडत जाते. आत्ताच करून बघा: स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का? जात नसतील, तिखट लागताच तोंड भाजल्यासारखं होत असेल, गालावर किंवा जिभेच्या कडेला पांढरा-लाल चट्टा असेल, तर वासाचा विचार बाजूला ठेवा आणि या आठवड्यात दाखवा. यात कर्करोगाची शक्यता तपासावी लागते आणि लवकर आलेल्या माणसासाठी पुष्कळ काही करता येतं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे लागत नाहीत.

तोंड धुण्याची औषधं

एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, याने गुळण्या केल्या तर सुजलेल्या हिरडीला आराम पडतो आणि अडकलेलं निघून जातं. बडीशेप, लवंग, वेलदोडा चघळल्याने लाळ सुटते, थोडा वेळ बरं वाटतं. साखरेच्या पेपरमिंटच्या गोळ्या दिवसभर चघळू नका, वास झाकायला जाल आणि दात किडवून बसाल.

मेडिकलमधून क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश आणणारे खूप आहेत. औषध चांगलं आहे, वापर चुकतो. 0.2 टक्क्याचं असेल तर 10 मिली, दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट, आणि पेस्टने ब्रश केल्यावर निदान अर्धा तास थांबून, कारण पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने त्याचा परिणाम कमी होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस स्वतःच्या मनाने घेऊ नका. दात तपकिरी-काळे पडतात, चव बिघडते. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने तोंड आणखी कोरडं पडतं. रोजच्यासाठी हवंच असेल तर अल्कोहोल नसलेलं, जस्ताचे क्षार असलेलं घ्या, जस्त त्या गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. पण जीभ आणि फटी साफ न करता नुसतं माउथवॉश म्हणजे उकिरड्यावर अत्तर शिंपडणं.

आणि दुकानात जाऊन "वासाची गोळी द्या" म्हणून मेट्रोनिडॅझोलसारखं अँटिबायोटिक घेऊ नका. चार दिवस वास जातो, घाण तिथेच असते, म्हणून परत येतो. असं वारंवार केलं की खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध काम करत नाही.

कवळी, कॅप, किडलेली दाढ

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. ती घालून झोपलं की टाळूला हवा आणि लाळ मिळत नाही आणि बुरशी धरते. साफ करायला मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. पेस्टने ओरखडे पडतात आणि त्यात घाण धरते. उकळतं पाणी नको, कवळी वाकते. आजी-आजोबांच्या खोलीत वास येतो अशी कुजबुज घरात असेल तर आधी त्यांची कवळी कुणीतरी मायेने घासून द्या, हाताला कंप असेल तर त्यांना ते जमत नाही.

एकाच बाजूने घाण चव येत असेल तर तिथे किडलेली दाढ, मोडकं मूळ, सैल झालेली कॅप किंवा अर्धवट आलेली अक्कलदाढ शोधा. आरशात, मोबाइलच्या टॉर्चने. यांचा घरी इलाज नाही. कॅपखाली लाळ आणि अन्न शिरलं की आत दात कुजत राहतो, आणि नसेचा इलाज (रूट कॅनल) झालेल्या दातात दुखतही नाही, फक्त वास येतो. अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या टोपीखाली अन्न अडकून पू झाला तर मिठाच्या गुळण्यांनी तात्पुरतं दबतं, महिना-दोन महिन्यांनी परत उठतं.

इथे थांबा, दातांच्या डॉक्टरकडे जा

वरचं सगळं दोन आठवडे मनापासून केलं आणि तरीही वास आहे किंवा हिरडीतून रक्त येतंच आहे, तर घरचे उपाय संपले. आता उरलं आहे ते किटण आणि हिरडीच्या खालचा आजार. किटण म्हणजे दातावर दगडासारखा घट्ट झालेला थर, तो ब्रशने निघत नाही. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खोबण 1 ते 3 मिलिमीटर असते. ती चार-पाच मिलिमीटर झाली की तळाशी ना ब्रश पोचतो ना दोरा, आणि तिथे जिभेवरचेच जंतू पू आणि वास तयार करतात. डॉक्टर बारीक सळईने खोली मोजतात, किटण काढतात, गरज असेल तर हिरडीखाली सफाई करतात.

"साफ करनात तं दात हाली जातीन," ही भीती घेऊन निम्मे लोक परत जातात. खरी गोष्ट अशी की हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणाने दात एकमेकांना चिकटून उभे असतात. ते काढल्यावर आधीची झीज जाणवते, फटी दिसतात, थंड पाणी काही दिवस झोंबतं. नंतर हिरडी घट्ट होते. किटण ठेवलं तर हाड आणखी झिजतं आणि दात खरोखर पडतात. खाली दात नसलेली माझ्याकडची बरीच वडीलधारी माणसं हीच भीती धरून थांबली होती, त्यांचे दात वाचवता आले असते याचं मला वाईट वाटतं.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, वेळ जास्त लागतो पण पैसे कमी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून लांब यावं लागतं हे मला माहीत आहे, म्हणून एका फेरीत तपासणी आणि सफाई दोन्ही होईल का हे आधी विचारून घ्या.

दात ठीक, तरी वास

मग नाक-कान-घसा. टॉन्सिलच्या खड्ड्यांत अन्न आणि पेशी साचून खडे होतात, ते फार घाण वासाचे असतात. जोरदार गुळण्यांनी बरेच निघतात. काडीने, पिनेने टोचून काढू नका, रक्तस्राव होतो. वारंवार होत असतील तर तज्ज्ञांना दाखवा. कापूस वेचणीच्या आणि मळणीच्या दिवसांत धुळीने नाक चोंदतं, माणूस तोंडाने श्वास घेतो आणि तोंड वाळतं. नाक मिठाच्या पाण्याने धुवायचं असेल तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट विहिरीचं किंवा बोअरचं नाही. घोरणाऱ्यांच्या बाबतीतही सकाळचा वास जास्त असतो, कारण तेच.

लहान मुलाच्या नाकाच्या एकाच बाजूने घाण वासाचा शेंबूड येत असेल तर त्याने आत काहीतरी घातलं आहे असं धरून चाला: शेंगदाणा, चिंचोका, मणी, खेळण्याचा सेल. घरी चिमट्याने काढायला जाऊ नका, ते आत ढकललं जातं. सेलचा संशय असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठा, तो काही तासांत आतली कातडी जाळतो.

औषधांनीही तोंड वाळतं: सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी, नैराश्यावरची काही औषधं. ती स्वतःहून बंद करायची नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, पर्याय किंवा वेळ बदलता येते.

साखरेची तपासणी मी हिरड्या सुजलेल्या प्रत्येक प्रौढाला सांगते. साखर वाढली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीत पू असला की साखर आटोक्यात येत नाही. एक बाजू धरून दुसरी सुटत नाही. ॲसिडिटीत घशाशी आंबट येत असेल, रात्री छातीत जळत असेल, तर तेव्हा पोटाच्या डॉक्टरांकडे जाण्याला अर्थ आहे. मूत्रपिंड निकामी होत असताना श्वासाला अमोनियासारखा, लघवीसारखा वास येतो, पण त्याच्या जोडीला सूज, थकवा, लघवीत बदल अशी लक्षणं असतात. नुसत्या वासावरून असे आजार मनात आणून झोप उडवून घेऊ नका.

दोन आठवडे थांबायचं नाही, अशा वेळा

मधुमेही माणसाच्या श्वासाला फळासारखा गोड वास, सोबत उलट्या, जोराचा श्वास, गुंगी: लगेच मोठ्या रुग्णालयात, रात्र असली तरी. चेहरा किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता किंवा श्वास घेता येईना: त्याच दिवशी. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, मानेत गाठ, आपोआप हलायला लागलेला दात: याच आठवड्यात.

डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आदल्या दिवशी लसूण-कांदा टाळा, त्या सकाळी माउथवॉश, वेलदोडा, अत्तर काहीच नको, नाहीतर वास झाकला जातो आणि डॉक्टरांना मूळ सापडत नाही. घरी चमच्याने आणि दोऱ्याने काय दिसलं, नाकाने की तोंडाने वास आला, हे एका कागदावर लिहून न्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्या वाक्यातच सांगा की तोंडाला वास येतो.